जैबुनमावशीची शेगडी

पावसाळ्यात लोणावळ्याच्या पेठेतून आग लागल्याचा फोन दर वर्षी एकदा तरी जायचा. फोन करणारा बहुतेक वेळा पर्यटक असे. भर पावसात एका जुन्या बंद इमारतीच्या कौलांतून धूर निघताना त्याला दिसे आणि तो घाईघाईने अग्निशमन केंद्राला कळवी. तिकडून शांतपणे विचारणा होई की, ही इमारत म्हणजे पेठेतला मुसाफिरखाना का? हो म्हटले की उत्तर ठरलेले असे: आग नाही साहेब, जैबुनमावशीची शेगडी आहे.

लोणावळ्याचा वार्ताहर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच जुलैत असा एक फोन थेट पुण्याला आमच्या दैनिकाच्या कार्यालयात गेला. पेठेतली जुनी इमारत पेटली आहे, फोटो पाठवा, असा निरोप आला. छत्री उलटी करणाऱ्या वाऱ्यातून तिथे पोचलो, तर दार नुसते लोटलेले होते. आतल्या लांबलचक दालनात थोड्या थोड्या अंतरावर शेगड्या मांडल्या होत्या. निखारे लाल होते. मधोमध एका पाटावर साठीच्या पुढची, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती आणि चिमट्याने कडुनिंबाचा सुका पाला निखाऱ्यांवर टाकत होती. लाकडाला भुंगा लागू नये म्हणून केलेला तो धूर होता.

"दार लोटून घ्या, झड आत येती," ती म्हणाली. मग कॅमेऱ्याकडे पाहून तिने विचारले, "पेपरवाले व्हय? बातमी न्हाई हितं. ओल हाय."

कार्यालयाला कळवले की आग नाही. तिकडे थोडी निराशा झाली. इकडे मावशीने बसायला दुसरा पाट सरकवला होता.

जैबुन तांबोळी मूळची कान्ह्याची. लग्न होऊन लोणावळ्यात आली. नवरा उस्मानभाऊ, त्याची पेठेच्या मागच्या गल्लीत कोळशाची वखार होती. घरोघर गॅस आला, वखार हळूहळू बसली आणि उस्मानभाऊ गेल्यावर बंदच झाली. मावशीकडे उरला तो गोणपाटात भरलेला कोळसा आणि शेगडी पेटवण्याचा हात. त्या सुमारास एका बंगल्याचे मुंबईचे मालक पेठेत तक्रार करत होते की, पावसाळ्यानंतर घर उघडले की गाद्यांवर बुरशी आणि पुस्तकांवर लव आलेली असते. मावशीने त्यांना सांगितले की किल्ली माझ्याकडे ठेवून जा. पुढच्या दिवाळीत ते आले, तर कपाटातले कोरडे कपडे कोरडेच होते. तिथून हे काम सुरू झाले.

लोणावळ्याचा पाऊस न पाहिलेल्यांना या कामाचे महत्त्व कळणार नाही. काडी ओढली तर गुल निघून येतो. चामड्याच्या चपला हिरव्या होतात. बंद खोलीच्या भिंतीवर हात टेकवला तर तळवा ओला होतो. मुंबईचे मालक कुलूप लावून जातात ते जूनच्या आधी आणि येतात ते पाऊस संपल्यावर. मधल्या महिन्यांत त्या बंद घरांमध्ये आणि दुकानांमध्ये फिरून शेगडी पेटवणे, ती विझेपर्यंत शेजारी बसणे आणि राख घेऊन पुढच्या घरी जाणे, हे मावशीचे काम. पेठेत त्याला 'धग देणे' म्हणत. पुढे वखारीतला कोळसा संपला, तेव्हा तंदूरवाल्या हॉटेलांतून ती तो आणू लागली.

तिचे नियम थोडे होते आणि ते तिने कधी मोडले नाहीत. शेगडी एकटी सोडायची नाही. "लेकरावानी असती ती. आपली पाठ फिरली का काय करंल सांगता यायचं न्हाई." आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कारण बंद खोलीतला निखारा हवा खातो आणि माणूस बसल्या जागी गुंगीत जातो. ती खिडकी ओढून घेई, मग फटीत तर्जनी घालून बघे. बोट अडकले की बरोबर. कितीही झड आली तरी ती फट तिने बुजवली नाही.

मुसाफिरखाना ही तिच्या फेरीतली सर्वांत मोठी इमारत. खाली दगडी, वर सागवानी, छपराला मंगलोरी कौले. मुंबईच्या एका व्यापारी कुटुंबाने घाट चढून आलेल्या प्रवाशांच्या मुक्कामासाठी ती बांधली आणि विश्वस्त नेमले. प्रवासी गाडीने थेट पुढे जाऊ लागले तसा मुक्काम कमी झाला. मग तिथे रेशनचे गोदाम आले. गोदाम हलले, तेव्हा समोरच्या खोल्यांत टायपिंगचा क्लास निघाला आणि मागच्या दालनात बायकांचा शिवणक्लास. दोन्ही बंद पडले आणि कुलूप लागले. राखणदार होता, तो वारला. किल्ली मावशीकडे होती, ती तिच्याकडेच राहिली.

हा सगळा इतिहास मावशी वासावरून सांगत असे. तिचे म्हणणे असे की भिंत तापली की बोलते. खरोखरच शेगडी तासभर जळली की दालनातून वेगवेगळे वास उठत. उत्तरेच्या कोपऱ्यात रॉकेलचा, कारण तिथे रेशनची पिंपे होती. मधल्या भागात गव्हाच्या कोंड्याचा. मागे शिवणयंत्राच्या तेलाचा. पहिल्या दिवशी तिने हाताला धरून एकेका कोपऱ्यात नेले आणि वास घ्यायला लावला. रॉकेल ओळखता आले. कोंडा ओळखता आला नाही. ती म्हणाली, "येईल हळूहळू. नाक मोकळं पायजे."

समोरच चिक्कीचे दुकान असलेल्या ललितभाईंना जुन्या वस्तूंचा नाद होता. पेठेचे जुने फोटो, चिक्कीचे पत्र्याचे डबे, टांग्यांचे कंदील असे बरेच काही त्यांनी जमवले होते. मुसाफिरखाना होता तसा जपला पाहिजे, हे त्यांचे आवडते वाक्य. मावशी त्यांच्या पायरीवर चहा पीत असताना हे वाक्य आले की ती विचारी, "व्हता तसा म्हंजी कवाचा, ललितभाऊ? रेशनचा का टायपिंगचा?" ललितभाई हसत आणि सांगत की, मावशी, तुमचाही फोटो लावणार आहे, शेगडीसकट. त्यावर तिचे उत्तर असे की, आधी स्वतःचा लावा, तुम्हीही जुने झालात. ही चकमक वर्षानुवर्षे चालू होती आणि चहाचा कप मात्र कधी चुकला नाही.

इमारत कशासाठी वापरावी, याबद्दल तिला आग्रह नव्हता. एकदा सरळ विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कायबी व्हऊ द्या. दुकान व्हऊ द्या, साळा व्हऊ द्या. निस्तं कुलूप नको. घर ओलीनं मरत न्हाई, कुलपानं मरतं." तिचे गुडघे तेव्हा दुखू लागले होते. मुलगी रेश्मा सुदुंबऱ्याला दिलेली, जावई कारखान्यात. रेश्मा दर ईदेला आईला कायमची न्यायला येई आणि एकटीच परत जाई. बंगल्यांची कामे मावशीने सोडली होती. मुसाफिरखाना सोडवत नव्हता. आपण गेलो तर एकाच पावसाळ्यात वरचा मजला खाली येईल, याची तिला खात्री होती. तिथे कुणीतरी माणसे आली की मी सुदुंबऱ्याला जाईन, असे तिने मुलीला सांगून ठेवले होते.

मग एका जूनमध्ये विश्वस्त इस्माईलशेठ मुंबईहून आले. वयस्क, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी ललितभाईंच्या दुकानात बसून सांगितले की विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका हॉटेलवाल्याला इमारत पाडून लॉज आणि खाली पार्किंग करायचे आहे. दुसरा प्रस्ताव ललितभाईंनी पेठेत जमवलेल्या समितीचा, संग्रहालयाचा. पण त्याआधी इमारत उभी राहण्यासारखी आहे का, हे अभियंत्याने सांगायचे. धोकादायक ठरली तर पाडायची, मग चर्चा नाही. अभियंता भर पावसात येणार होत्या, कारण गळती आणि ओल तेव्हाच दिसते.

मावशी पायरीवर बसून ऐकत होती. तिने एकच विचारले, ओल दिसली तर पाडणार का. इस्माईलशेठ म्हणाले की ओल लाकडात शिरली असेल तर पाडावीच लागेल.

त्यानंतर तिने जे केले ते तिच्याशिवाय कुणी केले नसते. पेठेतल्या घराघरांतून माळ्यावर टाकलेल्या शेगड्या तिने मागून आणल्या. तंदूरवाल्यांकडून कोळशाच्या गोणी आणल्या. पाहणीच्या आधीचा सगळा आठवडा सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तिने खालचे दालन आणि वरचा मजला तापवला. खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढत-उतरत राहिली. ललितभाई आत डोकावून आले आणि म्हणाले की आत राजस्थान झाले आहे. मावशीला ते कौतुक वाटले.

अभियंता गायकवाड मॅडम ठरल्या दिवशी आल्या. बाहेर धो धो पाऊस होता. आत शिरताच त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि ताबडतोब काढला. आजाऱ्याच्या कपाळासारखी भिंत गरम होती. मग त्यांनी दार लावून पाहिले. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नव्हती. वरच्या मजल्याच्या फळ्यांमध्ये अशा फटी पडल्या होत्या की खालची शेगडी दिसत होती. चौकटी आणि भिंती यांच्यामध्ये गिलावा सुटला होता. बोट लावले की चुन्याची भुकटी पडत होती. एका भिंतीवर चौकटीपासून वर गेलेली बारीक तडही होती. चौकटी भिंतींपासून सुटत आहेत, याचा अर्थ पाया हललेला असू शकतो, असे मॅडमनी सोबतच्या कारकुनाला सांगितले. तूर्त धोकादायक, कुणी आत जायचे नाही.

मावशी चिमटा हातात धरून उभी होती. ती पुढे आली.

"बाई, भिंत न्हाई हालली. मीच लय तापवली."

मॅडमना आधी काही कळले नाही. मावशीने मग सगळे सांगितले. ओल दिसली तर पाडतील या भीतीने आठवडाभर कोळसा जाळला, लाकूड आखडले, चौकटी सुटल्या. एरवी ती कधीच इतकी धग देत नसे. ललितभाईंनी दुजोरा दिला. पेठेतल्या बायकांनी आपापल्या शेगड्या दाखवून दिल्या.

गायकवाड मॅडम नीट ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितले की, तुम्ही म्हणता तसे असेलही, पण तुमच्या शब्दावर मला अहवाल लिहिता येत नाही. तपासून मात्र बघता येईल. त्यांनी काचेच्या अरुंद पट्ट्या मागवल्या आणि त्या तडीवर वरपासून खालपर्यंत आडव्या चिकटवल्या. भिंत हलत असेल तर काच फुटेल, कारण काच ताणली जात नाही. लाकूड नुसते आखडले असेल, तर पावसाची हवा लागून ते पुन्हा फुगेल. पाऊस संपल्यावर येऊन बघू. अट एकच: तोवर आत शेगडी पेटवायची नाही, एकही नाही. खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या.

आयुष्यभर जी ओल तिने बाहेर ठेवली, ती आता तिलाच आत घ्यायची होती. तिने स्वतः वर जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. नंतरचे सगळे दिवस ती सकाळी ललितभाईंच्या पायरीवर येऊन बसे आणि समोर बघत राही. उघड्या खिडक्यांतून झड आत जाताना दिसे. श्रावणात दगडांवर शेवाळ चढले. दालनाच्या दारातूनच कुबट वास येऊ लागला. चिमटा ती घरून येताना बरोबर आणी, हाताला सवय म्हणून. ललितभाई तिला म्हणाले, "मावशी, चोरून पेटवू नका हां." ती म्हणाली, "चोरून पेटवंन, पर धूर काय गप बसंल व्हय?"

त्या दिवसांत तिचे बोलणे कमी झाले होते. एकदा आपणहून म्हणाली की, लेकरू आजारी असताना डॉक्टर म्हणतो औषध देऊ नका, नुसते बघत बसा, तसे वाटते. दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन आला, तेव्हा तिने इतकेच सांगितले की अजून निकाल लागायचा आहे.

पाऊस संपला आणि मॅडम आल्या. या वेळी दार उघडायला ललितभाईंना खांदा लावावा लागला, इतके ते फुगले होते. आत काचा पाहिल्या. सगळ्या अखंड होत्या. चौकटी भिंतीला पुन्हा चिकटल्या होत्या. वरच्या मजल्यावर मावशी खाली बसली आणि तिने फळ्यांच्या मधल्या रेषेवर बोट ठेवून पाहिले. नखही आत जाईना. मॅडमनी एक तुळई ठोकून पाहिली, कौलाखालचे वासे पाहिले आणि सांगितले की इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे. एक तुळई बदला, कौले उतरवून पुन्हा घाला, सुटलेला गिलावा चुन्याने भरा. लाकूड इतक्या वर्षांत सडलेले नाही, याचे श्रेय त्यांनी शेगडीला दिले. मग मावशीला म्हणाल्या, "पण मावशी, पुन्हा कधी एवढं तापवायचं नाही."

"न्हाई," मावशी म्हणाली. "भ्याले व्हते मी. भ्यालेलं मानूस लय कोळसा घालतं."

लॉजचा प्रस्ताव मागे पडला. संग्रहालय होणार, असे पेठेने धरून चालले. थंडीत विश्वस्तांनी त्याच दालनात सभा बोलावली. ललितभाईंनी चांगली तयारी केली होती. भिंतींवर फोटो, काचेच्या पेट्यांमध्ये वस्तू, दारात छोटे तिकीट. एक पेटी मावशीच्या शेगडीसाठी राखून ठेवली होती आणि हे त्यांनी मुद्दाम शेवटी, अभिमानाने सांगितले. सगळे मावशीकडे वळून बघू लागले.

मावशी भिंतीला धरून उठली. तिने विचारले, संध्याकाळी काय करणार. ललितभाई म्हणाले की संध्याकाळी बंद करू. तिने विचारले, आणि पावसाळ्यात. पावसाळ्यात ओलीने फोटो खराब होतील, म्हणून ते महिने संग्रहालय बंदच ठेवावे लागेल, असे ललितभाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

"म्हंजी कुलूपच," मावशी म्हणाली. "ललितभाऊ, राग मानू नका. तुमी समदं नीट मांडलंय, पर मानसं कुटं बसनार? येत्याल, बघत्याल, जात्याल. भिंत कोन तापवनार? मी किती दिस?"

मग तिने एक गोष्ट सांगितली. पेठेत ती कुणालाच माहीत नव्हती. रेश्मा पोटी आली तो पावसाळा. वखारीच्या मागची खोली गळत होती. कोळशाच्या गोणी आणि बाळंतीण एकाच पत्र्याखाली. मुसाफिरखान्याच्या राखणदाराने मागच्या पडवीतली खोली उघडून दिली, पाऊस सरेपर्यंत राहा म्हणाला. त्या पडवीत शेगडीवर टोपली पालथी घालून तिने रेश्माची दुपटी वाळवली. इथे तिने पेटवलेली पहिली शेगडी ती. ती भिंतीसाठी नव्हती.

"लेकरांसाठी करा कायतरी," ती म्हणाली आणि मागच्या ओळीत बसलेल्या एका मुलीला उठवले.

ती सुनंदा. कुसगावची, हॉटेलात खोल्या साफ करण्याच्या कामावर. मांडीवर तान्हे मूल होते. सभेला तिला मावशीनेच बोलावले होते. सुनंदाने सांगितले की तिच्यासारख्या पुष्कळ जणी गावांतून हॉटेलांच्या कामाला येतात आणि मुले ठेवायला जागा नसते. कुणी सासूकडे टाकते, कुणी हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत लपवून ठेवते. "मॅनेजरनं बघितलं का काम जातं. मूल झोपलेलं आसंल तर ठीक. रडलं का आपलं काळीज हातात." तिचे मूल तेव्हा झोपलेले होते.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. ललितभाई दुखावले होते, चहा न पिता दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली आणि तेही नेहमीसारखा कप घेऊन आले. मग ललितभाई म्हणाले की फोटो जाण्या-येण्याच्या वाटेवर लावता येतील, मात्र उंच, पोरांचा हात पोचता कामा नये. मावशीने विचारले, आणि शेगडीची पेटी. ललितभाईंनी सांगितले की ती रद्द केली.

"बरं केलं," ती म्हणाली. "लागंल मला ती शेगडी."

पुढे विश्वस्तांच्या आणखी बैठका झाल्या. समोरच्या दोन खोल्या दुकानांना द्यायच्या, त्या भाड्यातून दुरुस्ती आणि देखभाल चालवायची आणि मागच्या दालनात एका बचत गटाने पाळणाघर चालवायचे, असे ठरले. इस्माईलशेठ म्हणाले की इमारत घाट चढून येणाऱ्यांच्या सोयीसाठी बांधली होती. आता कामाला येणाऱ्यांची सोय होते आहे, पूर्वजांचा आक्षेप नसावा. गायकवाड मॅडमनी शेगडीला हरकत घेतली. पाळणाघरात निखारे चालणार नाहीत. त्यावर बरीच चर्चा झाली आणि मागच्या उघड्या पडवीत, लाकडी कठड्याच्या पलीकडे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, अशी सवलत मिळाली. देखरेख मावशीची.

उन्हाळ्यात कौले उतरली आणि पुन्हा चढली. पाळणे टांगले गेले. सुनंदाने हॉटेल सोडले आणि इथेच कामाला लागली. मृग लागला तेव्हा दालन मुलांनी भरले होते. ओल्या छत्र्या दारात, दुपटी आणि लंगोट पडवीत. मावशी पाटावर बसून टोपलीवरचे कपडे उलटत असे. रोज दुपारी, मुले झोपली की ती दालनात येई आणि भिंतीवर तळवा टेकवून बघे. एकदा त्या वेळी तिथे होतो. तिने तळवा टेकवला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाली, "तापलीया. निखाऱ्याबिगर तापलीया."

तिला विचारले की आता कशाचा वास येतो. तिने उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन हवा ओढून घेतली. तिथे रॉकेल अजून आहे, असे तिने सांगितले. मग मधल्या भागात आली आणि बराच वेळ उभी राहिली.

"दुधाचा," ती म्हणाली. "खिमटाचा बी. घ्या वास. आता तरी वळकता यील."

या वेळी ओळखता आला.

तो पावसाळा तिने पूर्ण केला. दसऱ्यानंतर रेश्मा गाडी घेऊन आली आणि या खेपेला आई तिच्याबरोबर गेली. सामान एका पेटीत मावले. चिमटा तिने सुनंदाच्या हातात दिला आणि पडवीच्या खिडकीशी नेऊन फटीत बोट घालायला लावले. ललितभाईंनी चिक्कीचा डबा दिला, जुना, त्यांच्या संग्रहातला. "आता तुमचं संग्रहालय रिकामं व्हतंय," ती म्हणाली. गाडीत बसताना तिने मागे वळून मुसाफिरखान्याकडे पाहिले नाही. खिडक्यांतून मुलांचा गलका ऐकू येत होता आणि तेवढे तिला पुरेसे होते, असे रेश्माने नंतर सांगितले.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत सुदुंबऱ्यात ती गेली. झोपेतच गेली. रेश्माचा फोन ललितभाईंना आला. पेठेतून बरीच माणसे दफनाला गेली, सुनंदाही गेली. त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवावे का, असा प्रश्न आला होता. सुनंदा नको म्हणाली. कुलूप लावलेले तिला आवडले नसते.

जाण्या-येण्याच्या वाटेवर ललितभाईंनी तिचा फोटो लावला आहे. शेगडीसकट. तो बाकीच्या फोटोंपेक्षा खाली आहे, मुलांचा हात पोचेल इतका, आणि त्याच्या काचेवर कायम बोटांचे ठसे असतात. ललितभाई रोज पुसतात आणि तक्रार करतात.

गेल्या जुलैत पुण्याच्या कार्यालयातून पुन्हा निरोप आला. वृत्तसंपादक आता नवे आहेत. पेठेतल्या एका जुन्या इमारतीतून धूर निघत असल्याचे कुणीतरी मोबाइलवर टिपून पाठवले होते, आत लहान मुले असल्याचेही लिहिले होते. ताबडतोब फोटो हवे होते. वारा तसाच होता. छत्रीही तशीच उलटी झाली. दालनात मुले दुपारची झोप घेत होती. मागच्या पडवीत, कठड्याच्या पलीकडे, पालथ्या टोपलीवर दुपटी पसरली होती. सुनंदा पाटावर बसून चिमट्याने निखाऱ्यांवर कडुनिंबाचा पाला टाकत होती.

तिने वर पाहिले आणि खिडकीकडे मान हलवली.

"बोटभर उघडी हाय," ती म्हणाली. "बसा. दार तेवढं लोटून घ्या."

कार्यालयाला कळवले की आग नाही.